ड्रम दोनदा टर्न केले, तरी मागची धडधड परत येते

डिचोली तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र, थोडक्यात:

“आमची २००९ची डिझेल पिकअप आहे. आठवड्यातून तीन वेळा बेळगावहून भाजी भरून चोर्ला घाटाने खाली येतो. गेलं दीड वर्ष ब्रेक मारला की मागून धडधड येते, सीट आणि हौदा दोन्ही हलतात. साठच्या वेगाला सुरू होते आणि गाडी थांबत आली की एकेक ठोका मोजता येतो. मेस्त्रींनी दोनदा ड्रम टर्न करून (लेथवर आतून कापून पुन्हा गोल करून) आणले, दोनदा लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) बदलले. दर वेळी दोन-अडीच महिने गाडी चांगली चालते, मग पुन्हा तेच. घाट उतरून केरीला चहाला थांबलो की त्यानंतर धडधड जास्त जाणवते असं मला वाटतं, पण बाबा म्हणतात हे मनाचे खेळ. दोन वर्षांपूर्वी मागे दोन्ही बाजूंना एकेक पाटा (स्प्रिंगची पोलादी पट्टी) वाढवला आहे. मेस्त्री बाबांच्या वयाचे आहेत, वीस वर्षांचा घरोबा आहे. ते म्हणतात, जुनी गाडी, रस्ते असे, चालायचंच. धाकट्या भावाला मागे डिस्क ब्रेक बसवायचे आहेत. मला वाटतं नवे ड्रम घालावेत, पण तेही बिघडले तर? दुसऱ्या गॅरेजला नेली तर मेस्त्री दुखावतील. गणेश चवथीच्या बाजाराआधी काय ते ठरवायचं आहे.”

नमस्कार,

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही बिचकत लिहिली आहे, ती म्हणजे केरीच्या चहानंतर धडधड वाढते ही. ते मनाचे खेळ नाहीत. घाट उतरून आलेला ड्रम चांगलाच तापलेला असतो आणि तुम्ही तिथे हँडब्रेक ओढून गाडी उभी करत असणार. दुखण्याचं मूळ बहुधा तिथेच आहे. पण ‘बहुधा’वर नवे ड्रम विकत घ्यायचे नसतात, म्हणून खात्री कशी करायची ते आधी पाहू.

त्याहीआधी एक काळजीची गोष्ट. ड्रम उघडून मापं घेईपर्यंत भरलेली गाडी घाटात घालू नका. दोनदा टर्न केलेला ड्रम पातळ झालेला असतो. पातळ ड्रम लवकर तापतो, तापला की त्याचा व्यास वाढतो, शूंना (लायनर बसवलेल्या, ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानींना) तेवढं जास्त बाहेर यावं लागतं आणि पेडल खाली जातं. हे घाटाच्या मध्यावर कळून काही उपयोग नाही. आठवडाभर भाजी दुसऱ्याच्या गाडीतून आणावी लागली तर आणा. आताच पेडल खोल जात असेल, टाकीतलं ब्रेक ऑइल उतरत असेल, जळका वास येत असेल किंवा मागचं एखादं चाक मध्येच धरत असेल, तर रिकामी गाडीसुद्धा गॅरेजच्या पलीकडे नेऊ नका.

आता तुमचं पहिलं गृहीत: धडधड मागूनच येते. सीट आणि हौदा हलतो म्हटल्यावर तसं वाटणं साहजिक आहे. पण पिकअपची बॉडी चॅसिसवर बसलेली असते आणि पुढच्या डिस्कची थरथरही चॅसिसवाटे सीटपर्यंत पोचते. ब्रेक मारताना स्टिअरिंग हातात थरथरतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पुढच्या डिस्कमध्ये दोष असेल तर बहुतेक वेळा स्टिअरिंग आधी सांगतं. पेडल पायाखाली उडतं का, यावरून मात्र पुढचं-मागचं ठरत नाही, कारण ते दोन्हीकडच्या दोषात उडतं.

पुढचं आणि मागचं वेगळं करण्याची एक साधी परीक्षा आहे. गाडी रिकामी हवी, रस्ता कोरडा, सरळ आणि मोकळा हवा, मागे कोणी नको. तीसच्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर सोडा, हँडब्रेकचं बटण दाबूनच धरा आणि लिव्हर हळूहळू वर ओढा. बटण दाबलेलं असलं की चाक धरू लागताच हात खाली करता येतो. हँडब्रेक फक्त मागच्या शूंना ओढतो. तेव्हा तीच धडधड आली तर दोष मागच्या ड्रममध्ये आहे. काहीच आलं नाही आणि पायाच्या ब्रेकला आली, तर आधी पुढच्या डिस्क आणि पुढची बेअरिंगं बघा. ओल्या रस्त्यावर किंवा वळणावर हा प्रयोग करू नका, मागची चाकं धरली की गाडी आडवी होते. काही गाड्यांचा हँडब्रेक चाकांऐवजी प्रॉपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे फेरे नेणाऱ्या दांड्यावर) काम करतो, अशा गाडीवर ही परीक्षा मुळीच करायची नाही. तुमचा कुठे लागतो ते खाली वाकून केबल कुठे जाते त्यावरून दिसेल.

ठोके मोजता येतात असं तुम्ही लिहिलंत, ते चांगलं झालं. ती मोजणी कामाला लावा. पिकअपच्या टायरचा घेर साधारण २.२ मीटर धरला, तर ताशी १० किलोमीटरच्या वेगाला चाक सेकंदाला सव्वा फेरा करतं. ब्रेकवर गाडी सरपटत थांबत असताना सेकंदाला एखादाच ठोका येत असेल, तर ड्रम गोल आहे पण मध्यापासून सरकून फिरतो आहे. दोन-अडीच ठोके येत असतील तर ड्रम लंबगोल झाला आहे, कारण लंबगोलाला फेऱ्यागणिक दोन उंचवटे येतात. या फरकावर पुढचा सगळा उपाय अवलंबून आहे. धडधड कधी जोरात, कधी सौम्य अशी वाटत असेल तर त्यानेही गोंधळू नका. दोन्ही ड्रम बिघडलेले असले की वळणावर चाकं कमी-जास्त फिरतात, त्यांचे ठोके कधी एकावर एक पडतात, कधी एकमेकांना मारतात.

ब्रेक न मारताही गाडी थरथरत असेल, तर विषय वेगळा: टायर, बॅलन्सिंग, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस. शाफ्ट चाकाच्या साधारण चौपट वेगाने फिरतो, त्यामुळे त्याची थरथर ठोक्यांसारखी न येता गुणगुणल्यासारखी येते आणि अ‍ॅक्सिलरेटर दिला-सोडला की बदलते. तुमचं वर्णन तसं नाही.

आता गॅरेजमध्ये. यातलं बरंचसं काम मापाच्या यंत्राशिवायही दिसतं, म्हणून मेस्त्रींच्या शेजारी उभं राहून स्वतः बघा. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक पूर्ण सोडलेला. मागचा अ‍ॅक्सल स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका. चाक काढा आणि ड्रम नटांनी, मध्ये वॉशर घालून, फ्लँजला (ड्रम ज्या चकतीवर बसतो तिला) नीट आवळा. मग मागच्या भोकातून अ‍ॅडजस्टर (शू आत-बाहेर सरकवणारं दातेरी चाक) एकेक दात फिरवत शू ड्रमला जेमतेम लागेपर्यंत आणा आणि ड्रम हाताने सावकाश फिरवा. गोल ड्रम सगळीकडे सारखा ‘खस्स’ वाजतो. बिघडलेला एका जागी घासतो, मग मोकळा सुटतो, मग पुन्हा घासतो. एका फेऱ्यात एकदा घासला की सरकलेला, दोनदा घासला की लंबगोल. रस्त्यावरच्या ठोक्यांशी हे जुळायला हवं.

जिथे घासतो तिथे ड्रमवर खडूने खूण करा आणि त्याच्यासमोर फ्लँजवरही एक खूण करा. आता ड्रम काढून एक स्टड (चाकाचा बोल्ट) पुढे फिरवून बसवा आणि तोच प्रयोग पुन्हा करा. घासणारी जागा ड्रमवरच्या खुणेबरोबर गेली तर दोष ड्रमचा. फ्लँजच्या खुणेपाशीच राहिली तर ड्रम कितीही टर्न करा, काही होणार नाही: फ्लँजवर गंजाची पापडी आहे, नाही तर अ‍ॅक्सल वाकलेला आहे किंवा बेअरिंग ढिलं आहे. (ड्रम एकाच स्थितीत बसेल असा स्क्रू असेल तर हा प्रयोग जमणार नाही, तिथे डायल गेज, म्हणजे फिरताना किती डुलतं ते मोजणारं काट्याचं यंत्र, लावावंच लागतं.) आपल्याकडच्या हवेत ही पापडी फार लवकर धरते. मालिम किंवा कुटबणच्या जेटीवरून मासळी वाहणाऱ्या गाड्यांत तर हौद्यातून मिठाचं पाणी थेट मागच्या अ‍ॅक्सलवर गळत असतं. पोस्टकार्डाएवढ्या जाडीची पापडी फ्लँजच्या एका बाजूला राहिली की ड्रम तिरका बसतो. वायर ब्रशने फ्लँज, मधला बॉस आणि ड्रमची बसायची बाजू धातू चमकेपर्यंत घासा. ही पाच मिनिटांची गोष्ट सर्रास राहून जाते.

ड्रम उघडताना एक सांभाळा. आतली काळी पूड हवेच्या दाबाने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं आणि ते श्वासात गेलं की फुप्फुसात राहतं. साबणाच्या पाण्याने भिजवून पुसा, तोंडाला मास्क बांधा. तुम्ही शेजारी उभे राहणार आहात, तेव्हा हे तुमच्यासाठीही आहे.

ड्रमच्या आतल्या बाजूला काय दिसतं, ते आता नीट वाचायचं. लंबगोल ड्रममध्ये समोरासमोरच्या दोन पट्ट्या जास्त चकचकीत असतात, मधल्या दोन त्या मानाने मळकट. निळसर-काळे डाग दिसत असतील, विशेषतः एखाद्या नाण्याएवढे, तर तिथे लोखंड फार तापून झटकन थंड झालं आहे आणि कडक झालं आहे. लेथचं टूल त्या जागी उडी मारतं, बाकीचं कापतं आणि तो डाग उंचवट्यासारखा उरतो. असा ड्रम टर्न करणं म्हणजे पैसे पाण्यात. बारीक चिरा दिसल्या आणि त्यातली एखादी काठापर्यंत गेली असेल तर तो ड्रम भंगारात टाका. पावसाळ्यात चार-पाच दिवस हँडब्रेक ओढून उभ्या राहिलेल्या गाडीत शूच्या आकाराचा गंजाचा ठसा ड्रमवर उमटतो. त्याने पहिले दहा-पंधरा ब्रेक धडधडतात आणि मग आपोआप जातं. ज्यांची गाडी चवथीत नुसती अंगणात उभी असते त्यांनी एवढ्याने ड्रम काढायला धावू नये. तुमचं दुखणं त्यातलं नाही.

मग मापं. ड्रमच्या काठावर किंवा बाहेरच्या अंगाला कमाल व्यास कोरलेला असतो. समजा मूळ व्यास २८० मिलिमीटर आणि कमाल २८२ कोरला असेल, तर टर्न करायला एकूण दोनच मिलिमीटर आहेत. लेथवर एका बाजूने अर्धा मिलिमीटर काढला की व्यास एकाने वाढतो. दोन वेळा टर्न झाल्यावर तुमच्यापाशी किती उरलं, त्याचा अंदाज करा. आतल्या मायक्रोमीटरने चार दिशांना व्यास घ्या, एकदा आतल्या काठाजवळ आणि एकदा बाहेरच्या. चार दिशांच्या मापांत ०.१ मिलिमीटरहून जास्त फरक असला की पायाला धडधड लागू लागते. दोन्ही बाजूंचे ड्रम एकाच मापाचे हवेत, नाही तर गाडी एकीकडे ओढते. मापं कोऱ्या कागदावर तारखेसह लिहून ठेवा.

इथे मेस्त्रींच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी: दोष त्यांचा नसून लेथवाल्याचाही असू शकतो. ड्रम लेथवर मधल्या भोकावर आणि बसायच्या बाजूवर धरायचा असतो, जसा तो अ‍ॅक्सलवर बसतो. बाहेरच्या ओतीव अंगाला जबडे लावून धरला तर तो लेथवर अगदी गोल कापला जातो आणि गाडीवर बसला की सरकून फिरतो. कापताना ड्रम कंप पावू नये म्हणून बाहेरून रबराचा पट्टा आवळतात. तो नसला की आत बारीक लहरी उमटतात. शेवटचा हात सावकाश फिरवला नाही तर आतला पृष्ठभाग स्क्रूच्या आट्यांसारखा राहतो, शू त्या आट्यांवरून बाहेर सरकतो आणि ‘टक्’ करून परत येतो. नखाने आडवं खरवडून बघा, आटे लागतात.

पण या चुकांमुळे धडधड पहिल्याच दिवशी आली असती. तुमच्याकडे ती दोन-अडीच महिन्यांनी येते. म्हणजे ड्रम गोल होऊन येतो आणि नंतर वापरात वाकडा होतो. काय त्याला वाकडा करतं, ते शोधल्याशिवाय टर्निंग, नवे ड्रम, नवे लायनर, सगळं तेवढ्याच दिवसांचं पाहुणं ठरेल.

पहिला संशय केरीचा. तापलेला ओतीव ड्रम मऊ पडत नाही, पण फुगलेला असतो. हँडब्रेक ओढला की दोन शू त्याला आतून दोन बाजूंना दाबतात. शूखालचा भाग झाकलेला राहतो आणि सावकाश निवतो, मधला उघडा भाग आधी निवतो. दहा-पंधरा मिनिटं चहाची, आठवड्यातून तीनदा, महिनोन्‌महिने. ड्रम हळूहळू त्या दाबाचा आकार घेतो, म्हणजे लंबगोल होतो. त्यात पावसाळ्यात घाटाच्या पायथ्याशी रस्त्यावर पाणी असतं, तापलेल्या ड्रमवर ते उडलं की निळे डाग आणि चिरा पडतात. उपाय फुकटचा आहे. घाट संपल्यावर शेवटचे दोनेक किलोमीटर ब्रेक शक्य तितका कमी वापरत गाडी वाऱ्यावर चालू द्या. सपाट जागा बघून थांबा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळा लावा. ठोकळा गाडीतच ठेवायचा आणि निघताना आठवणीने उचलायचा, रस्त्यावर राहिलेला ठोकळा रात्री दुचाकीवाल्याचा जीव घेतो. उतारावर थांबणं भाग असेल तर हँडब्रेक ओढाच, तिथे ड्रमपेक्षा गाडी जागेवर राहणं महत्त्वाचं.

दुसरा संशय ब्रेक धरून राहण्याचा. खाऱ्या, दमट हवेत हँडब्रेकची केबल आवरणाच्या आत गंजते, ओढली जाते पण पूर्ण परत येत नाही. शू सतत घासत राहतो आणि ड्रम घाटाशिवायही तापतो. बघायला सोपं आहे: सपाट रस्त्यावर दहा-बारा किलोमीटर, ब्रेक जपून वापरत चालवा, थांबा आणि दोन्ही मागच्या ड्रमजवळ तळहात न्या. हात लावू नका, जवळ न्या. एका बाजूला धग जास्त असेल तर ती बाजू धरते आहे. केबल, व्हील सिलिंडरचा (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू बाहेर ढकलणाऱ्या नळकांड्याचा) अडकलेला पिस्टन आणि ढिली पडलेली रिटर्न स्प्रिंग, या तिघांपैकी कोणीतरी. स्प्रिंग दिसायला चांगली असली तरी तापून निळी पडली असेल तर बदला, फार महाग नसते. बॅकप्लेटवर (ड्रममागच्या पत्र्यावर) शू टेकतो त्या सहा उंचवट्यांवर खाचा पडल्या असतील तर शू त्यात अडकून झटक्याने सुटतो. खाचा भरून सपाट करून घ्या आणि तिथे तापमान सहन करणारं ग्रीस डाळीच्या दाण्याएवढंच लावा. जास्त लावलं तर तापून लायनरवर उतरेल.

हँडब्रेक ढिला वाटला की केबल आवळणं ही सर्वसाधारण चूक. आधी अ‍ॅडजस्टर फिरवून शू ड्रमला भिडवा, मग हलकी खसखस राहील एवढे दात मागे घ्या, पेडल दोन-चारदा दाबून शू मध्यावर बसू द्या आणि सगळ्यात शेवटी केबल. उलट क्रमाने केलं तर शू कायम अर्धवट ओढलेले राहतात आणि स्वयंचलित अ‍ॅडजस्टर कामच करत नाही.

तिसरं, लायनर. टर्न केलेल्या ड्रमचा व्यास वाढलेला असतो, नवा लायनर मात्र मूळ मापाच्या गोलाईचा असतो. लायनर मध्यभागी आधी टेकला तर चालतं, वापरात बसतो. टोकांना टेकला तर ब्रेक खातो, म्हणजे झटक्याने धरतो, आणि धडधडतो. ड्रमच्या आत खडू फासा, शू हाताने दाबून फिरवा, खडू लायनरवर कुठे लागला ते लगेच दिसेल. लायनर रिव्हेट मारून बसवला असेल तर शू आणि लायनरमध्ये ०.१ मिलिमीटरची फिलर पट्टी शिरते का बघा. शिरली तर लायनर स्प्रिंगसारखा उडतो आहे. रिव्हेट मधून टोकांकडे मारायचे असतात, टोकांपासून सुरुवात केली की मधे फुगवटा राहतो. काही गाड्यांत एका चाकातले दोन लायनर कमी-जास्त लांबीचे असतात. त्यांची अदलाबदल झाली तरीही ब्रेक खातो.

लायनर ओला असेल तर वास घ्या. गिअर ऑइलचा उग्र वास असेल तर अ‍ॅक्सलचं सील गेलं आहे. नुसतं सील बदलून थांबू नका, अ‍ॅक्सलच्या नळीवर छोटी टोपी असते, ब्रीदर, ती आपल्या तांबड्या मातीने बुजते. मग अ‍ॅक्सल तापला की आतला दाब ऑइलला सीलमधून बाहेर ढकलतो आणि नवं सीलही महिन्यात गळू लागतं. टोपी काढून साफ करा. पातळ, रंग सोडवणारं द्रव असेल तर ते ब्रेक ऑइल, म्हणजे व्हील सिलिंडर. ऑइल प्यायलेला लायनर धुऊन पुन्हा वापरायचा नाही, तापला की ऑइल परत वर येतं. आणि ड्रम रॉकेलने किंवा डिझेलने पुसू नका, त्यांची ओशट साय राहते. ब्रेक क्लीनर वापरा, नव्या ड्रमवरचं गंजरोधक तेल काढायलाही तोच.

आता तो वाढवलेला पाटा. बऱ्याच पिकअपना मागच्या ब्रेकचा दाब ओझ्याप्रमाणे कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो, चॅसिसवर बसवलेला आणि एका दांड्याने अ‍ॅक्सलला जोडलेला. हौदा किती खाली बसला त्यावरून तो ओझं ओळखतो. पाटा वाढवला की भरलेली गाडीही कमी बसते, व्हॉल्व्हला वाटतं गाडी अर्धी रिकामी आहे आणि तो मागचा दाब तोडतो. मग घाटात सगळा भार पुढच्या डिस्कवर येतो. म्हणून हँडब्रेकची परीक्षा टाळू नका: तुमची धडधड मागची आणि पुढची मिळून असण्याची शक्यता खरोखर आहे. व्हॉल्व्हचा दांडा गंजून जाम झाला नाही ना ते बघा आणि त्याची सेटिंग गाडीच्या पुस्तकाप्रमाणे करून घ्या, अंदाजाने वाकवून नव्हे. पाटा घातल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळले होते का, हेही विचारा. पाटे एकमेकांवर बसतात आणि हजारेक किलोमीटरच्या आत बोल्ट ढिले पडतात. ढिल्या यू-बोल्टवर ब्रेक मारला की अख्खा अ‍ॅक्सल पाट्यावर पिळवटतो आणि उड्या मारतो. त्यात मेस्त्रींचंही थोडं बरोबर आहे: कडक पाट्यांची रिकामी गाडी मागून उडतेच. पण ते खड्ड्यांवर, सपाट रस्त्यावर ब्रेक मारताना नाही.

भावाच्या डिस्क ब्रेकबद्दल मी स्पष्टच सांगेन, नको. मागे डिस्क म्हणजे वेगळे कॅलिपर, वेगळा मास्टर सिलिंडरचा हिशेब, दाबाच्या व्हॉल्व्हची फेररचना आणि हँडब्रेकचा नवा प्रश्न. पुढे-मागे ब्रेकचा तोल गाडी बनवताना ठरलेला असतो, तो गॅरेजमध्ये जुळवून आणणं कठीण. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनाने बदल करू देत नाही. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागतं, तिथे अडाल. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात अडाल ते वेगळंच. भावाला वाटणारी काळजी खरी आहे, तिचं उत्तर मात्र नीट काम करणाऱ्या ड्रममध्येच आहे.

तुमचा नव्या ड्रमचा विचार मापांवर सोडा. व्यास कमाल मर्यादेच्या जवळ गेला असेल, निळे डाग असतील किंवा चिरा असतील, तर नवे, दोन्ही बाजूंना एकदम, नव्या लायनरसकट. मर्यादेत पुरेसा वाव असेल आणि पृष्ठभाग स्वच्छ असेल तर शेवटचं एक टर्निंग चालेल. पण काहीही घाला, आधी केबल, स्प्रिंगा, फ्लँज आणि व्हॉल्व्ह. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर आताच बदला. ते हवेतली ओल पितं आणि उत्कलनबिंदू खाली येतो: डॉट ३ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, ओल प्यायल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत येते. त्याने धडधड होत नाही, पण घाटात पेडल मऊ पडतं ते यामुळे.

राहिला मेस्त्रींचा प्रश्न. दुसरीकडे न्यायची गरज मला तरी दिसत नाही. इतकी वर्षं ज्यांनी गाडी चालती ठेवली त्यांना ‘तुमचं चुकलं’ म्हणून सुरुवात केली तर ते ‘जुनी गाडी’ म्हणूनच उत्तर देणार. त्यांना तुमचं निरीक्षण द्या, निष्कर्ष देऊ नका. “दर वेळी दोन महिने बरी चालते, घाटानंतर वाढते, हँडब्रेक ओढला तरी येते, आपण एकदा खडू लावून बघूया का?” असं म्हणा. सोमवारी सकाळची गर्दीची वेळ नको, दुपारी निवांत जा आणि पूर्ण दिवसाची मजुरी द्यायची तयारी ठेवा, कारण या कामात शोधायला वेळ जातो आणि त्या वेळेचे पैसे आपण सहसा देत नाही. लेथवर ड्रम नेताना त्यांच्याबरोबर तुम्ही जा. त्यांनी मापं घ्यायला साफ नकार दिला, तर फक्त ड्रमचं माप आणि डायल गेजचं काम दुसरीकडे करून आणा आणि तो कागद त्यांच्याच हातात द्या. बाबांना मध्ये घालू नका. तुम्ही आणि मेस्त्री यांच्यात त्यांना बाजू घ्यावी लागेल आणि ते तुमची घेणार नाहीत.

घाट उतरताना ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक हलका दाबून धरून ठेवण्यापेक्षा जरा घट्ट दाबा, वेग उतरवा आणि पूर्ण सोडा, मधल्या काळात ड्रमला हवा मिळते. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर किंवा इंजिन बंद करून उतरणारे दिसतात. इंजिन बंद झालं की ब्रेकच्या बूस्टरचा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं.

नवे लायनर बसवल्यावर पहिल्या दिवशी रिकाम्या गाडीने मोकळ्या रस्त्यावर पन्नासवरून वीसपर्यंत असे वीसेक सौम्य ब्रेक घ्या, दोन ब्रेकमध्ये अर्धा-एक मिनिट गाडी चालू द्या. लगेच भरलेली गाडी घेऊन बेळगाव गाठू नका. चाकाचे नट समोरासमोर, तीन टप्प्यांत आणि हाताच्या टॉर्क पान्याने आवळून घ्या. हवेच्या गनने एकेक नट पूर्ण ठोकत गेलं की ड्रम तिथेच तिरका बसतो. शंभर किलोमीटरनंतर नट आणि यू-बोल्ट पुन्हा तपासा. पहिल्या भरलेल्या फेरीनंतर केरीला ठोकळा लावून चहा घ्या, मग साखळीच्या रस्त्याला रिकाम्या सरळ पट्ट्यावर एकदा ब्रेक मारून ठोके मोजा, आणि महिन्याभराने त्याच जागी पुन्हा.